शंभर रुपयांचा दावा कोण लावणार?

शंभर रुपयांसाठी कोर्टात कोण जातं? कोणीच नाही. कंपनीने बिलात शंभर रुपये जादा लावले तर आपण दोन शिव्या घालतो, कस्टमर केअरला फोन लावतो, ‘एक दाबा, दोन दाबा’ करून कंटाळतो आणि सोडून देतो. वकिलाची फी, कोर्ट फी, तारखेला बुडणारा रोज, एसटीचं भाडं. शंभर रुपये परत मिळवायला पाच हजार कोण घालवणार? सोडून देणारा माणूस शहाणाच म्हणायचा.

आता हेच कंपनीच्या बाजूने बघा. दहा लाख ग्राहकांकडून शंभर-शंभर घेतले तर दहा कोटी झाले. आणि दहा लाख शहाणी माणसं ‘जाऊ द्या’ म्हणाली, म्हणून ते दहा कोटी तिच्याकडेच राहिले. एकाच माणसाचे दहा कोटी बुडवले असते तर तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला असता. थोडंथोडं, पण पुष्कळांचं बुडवलं की कोणी येत नाही.

बिल्डर, पतसंस्था, पीकविमा, शाळेची फी, विषय कोणताही असो, पोस्टखाली एक कमेंट ठरलेली असते. “सर, आपण सगळे मिळून एकच केस टाकू शकत नाही का?” टाकू शकतो. तशी तरतूद आपल्या कायद्यात इंग्रजांच्या काळापासून आहे. पण सगळ्यांच्या वतीने एकाने लढायचं म्हटलं की लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो. तो एक कोण, आणि बाकीच्यांना विचारलं कोणी? या दोन प्रश्नांची ओढाताण आठशे वर्षं चालू आहे. आजची पोस्ट त्यावरच. लांब आहे, चहा घेऊन बसा.

गाव आधी, दावा नंतर

इतिहासकार या दाव्यांचा माग काढत इ.स. 1199 च्या आसपास पोचतात. इंग्लंडमध्ये बार्कवे नावाच्या गावच्या धर्मगुरूने नटहॅम्पस्टेड या वस्तीतल्या सगळ्या लोकांवर कँटरबरीच्या धर्मन्यायालयात दावा लावला. भांडण कशाचं, तर धर्मगुरूला द्यायच्या रकमा आणि रोजची सेवा. कोर्टात उभे राहिले मोजकेच लोक, पण ते सगळ्या वस्तीच्या वतीने. ‘तुम्हाला बाकीच्यांनी नेमलं का?’ हा प्रश्न तेव्हा कोणाला फारसा पडला नाही. कारण गाव ही आधीपासूनच एक वस्तू होती. आपल्याकडे जुन्या काळी गावाला ‘पांढरी’ म्हणत आणि वतनाच्या तंट्यात महजरावर पाटलाच्या नांगरासकट बलुतेदारांच्या निशाण्या उमटत. तोही याच समजुतीचा भाग. गाव एक, म्हणून त्याचं बोलणंही एक.

सतराव्या शतकात लंडनच्या चान्सरी कोर्टात या प्रकाराला नीट रूप आलं. जमीनदार विरुद्ध कुळं, धर्मगुरू विरुद्ध गावकरी अशी भांडणं असत. प्रत्येक कुळाशी वेगळा दावा लढायचा तर पिढी संपेल, आणि पन्नास दाव्यांत पन्नास वेगळे निकाल लागतील. म्हणून कोर्ट म्हणे, एकदाच ऐकू, एकच निकाल देऊ, तो सगळ्यांना लागू. या अर्जाचं नाव होतं ‘बिल ऑफ पीस’, म्हणजे शांततेचा अर्ज. समूह दाव्याचा पहिला हेतू या नावातच आहे. भांडण एकदाचं मिटावं.

1676 चा एक खटला यासाठी लक्षात ठेवण्यासारखा आहे. डर्बीशायरमधल्या शिशाच्या खाणींवर धर्मगुरू आपला दशमांश हिस्सा मागत होता. खाणवाल्यांच्या वतीने चौघांनी दावा लढवला आणि निकाल धर्मगुरूच्या बाजूने गेला. पुढे व्हर्मुडेन नावाचा खाणवाला उभा राहिला. म्हणाला, त्या दाव्यात माझं नाव नव्हतं, मला निकाल लागू नाही. कोर्टाने सांगितलं, लागू आहे. असं केलं नाही तर हे भांडण कधी संपायचंच नाही.

एक गोष्ट इथे नोंदवून ठेवा. समूह दावा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गरिबांनी धनदांडग्यावर केलेली केस येते. पण या जुन्या खटल्यांत कितीतरी वेळा दावा लावणारा बलवान होता आणि समूह प्रतिवादी होता. हत्यार दोन्ही बाजूंनी चालतं, आणि आजही चालतं.

कलम 30 पासून ऑर्डर 1 रूल 8 पर्यंत

इंग्रजांनी ही कल्पना इकडे आणली. 1882 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत ती कलम 30 मध्ये होती. 1908 च्या संहितेत ती ‘ऑर्डर 1, रूल 8’ झाली आणि आज शंभरावर वर्षं त्याच नावाने चालू आहे. कोर्टाच्या आवारात वकील नुसतं ‘वन रूल एट’ म्हणतात.

नियम सोपा आहे. एकाच प्रकारचं हित असलेली पुष्कळ माणसं असतील तर त्यांच्यापैकी एक किंवा अनेक जण कोर्टाच्या परवानगीने सगळ्यांच्या वतीने दावा लावू शकतात किंवा लढवू शकतात. मग कोर्ट सगळ्यांना नोटीस काढतं, खर्च दावा लावणाऱ्याचा. माणसं फार असतील तर घरोघर नोटीस देण्याऐवजी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस.

आमच्या धंद्यात ही नोटीस जाहिरात म्हणून येते. कॉलम सेंटीमीटरवर पैसे, बारीक टाइप, आतलं पान. छापून आली की अंक कोर्टात दाखल होतो आणि कायद्याच्या दृष्टीने तुम्हाला कळवलं गेलं. वाचलंत की नाही, हा प्रश्न उरत नाही. पाणंद, गायरान, देवस्थानाची वहिवाट, सार्वजनिक विहीर अशा भांडणांना हा नियम फिट बसायचा, कारण तिथेही आधी गाव होतं आणि मग दावा. पण रेल्वे आली, गिरण्या आल्या, आगबोटी आल्या आणि एकमेकांचं तोंडही न पाहिलेल्या लोकांचं एकाच कारणाने नुकसान व्हायला लागलं. त्यांचं काय?

बुडालेली बोट

1904 साली रशिया-जपान युद्ध चालू होतं. न्यूयॉर्कहून जपानकडे निघालेली ‘नाइट कमांडर’ नावाची ब्रिटिश मालबोट रशियन युद्धनौकांनी अडवून बुडवली. बोटीवर अनेक व्यापाऱ्यांचा माल होता. त्यातल्या एका पेढीने स्वतःच्या आणि बाकी सगळ्या मालवाल्यांच्या वतीने लंडनमध्ये बोटीच्या कंपनीवर दावा लावला. बोट एक, बुडाली एकदाच, कंपनी तीच. यापेक्षा समान हित ते कोणतं?

1910 मध्ये अपील कोर्टाने हा दावा समूहाचा मानायला नकार दिला. प्रत्येकाचा करार वेगळा, माल वेगळा, नुकसान वेगळं, तेव्हा प्रत्येकाने आपापलं बघावं. या एका निकालाने इंग्लंडमध्ये समूह दाव्याची वाट कित्येक दशकं अरुंद करून टाकली. ज्या शतकात त्याची सर्वांत जास्त गरज होती, त्याच शतकात.

भारतात हा पेच 1976 च्या दुरुस्तीने सोडवला. रूल 8 मध्ये स्पष्टीकरण घातलं गेलं की सगळ्यांचं दाव्याचं कारण एकच असलं पाहिजे असं नाही, हित समान असलं की पुरे. 1990 मध्ये सुप्रीम कोर्टाने तमिळनाडू गृहनिर्माण मंडळाच्या प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. मद्रासच्या अशोकनगर वसाहतीतल्या लोकांकडे मंडळाने वाटप झाल्यानंतर काही वर्षांनी जादा पैसे मागितले होते. प्रत्येकाला मागणीचं पत्र वेगळं आलं होतं, पण प्रश्न एकच होता. असे पैसे मागता येतात का? कोर्ट म्हणालं, एकाने सगळ्यांच्या वतीने लढलं तरी चालेल. सामान्य माणसाला त्याच प्रश्नासाठी पुन्हा पुन्हा कोर्टाच्या पायऱ्या चढायला लागू नयेत, म्हणूनच हा नियम आहे.

अमेरिकेने काय केलं

या हत्याराला खरी धार लावली अमेरिकेने. तिथल्या फेडरल कोर्टांच्या 1938 च्या नियमांत ‘रूल 23’ आला आणि 1966 मध्ये तो नव्याने लिहिला गेला. वंशभेदाविरुद्धचे खटले तेव्हा जोरात होते. शाळांमधला वंशभेद रद्द करणारा 1954 चा प्रसिद्ध ब्राउन खटलाही समूहाच्याच वतीने लढला गेला होता. नव्या नियमाने आणखी एक दार उघडलं. ज्यांचं नुकसान पैशात आहे आणि एकेकट्याचं फार थोडं आहे, त्यांनाही एकत्र येता यावं. ज्याला सामील व्हायचं नाही त्याने तसं कळवून बाहेर पडावं. जो काहीच बोलणार नाही तो आत धरला जाईल.

इथे समूह दाव्याचे तीन हेतू एकत्र दिसतात. पहिला जुनाच, एक प्रश्न आणि एक निकाल. दुसरा, एकट्याला न परवडणारा दावा सगळ्यांचा मिळून परवडावा. तिसरा, थोडंथोडं लुटणाऱ्याला हिशेब द्यायला लागावा. या तिसऱ्या हेतूत भरपाई किती मिळाली यापेक्षा पुढच्या वेळी कंपनी दहादा विचार करेल, याला जास्त किंमत आहे.

मग अडलं कुठे? नोटिशीवर. न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात शंभरपेक्षा कमी शेअर घेणाऱ्या छोट्या गुंतवणूकदारांकडून जादा शुल्क घेतलं जातं, म्हणून आयसेन नावाच्या एका गुंतवणूकदाराने 1966 मध्ये दावा लावला. त्याचं स्वतःचं नुकसान 70 डॉलर. समूह सुमारे 60 लाख लोकांचा, त्यातल्या साडेबावीस लाखांचे पत्ते मिळण्यासारखे. 1974 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ज्यांचे पत्ते सापडतात त्या प्रत्येकाला टपालाने नोटीस गेलीच पाहिजे आणि खर्च वादीनेच करायचा. तो खर्च 2,25,000 डॉलर होता. 70 डॉलरसाठी सव्वादोन लाख! दावा तिथेच संपला.

वाचताना राग येतो. पण कोर्टाचा मुद्दा अगदीच फोल नव्हता. ज्याचा हक्क या निकालाने कायमचा संपणार आहे, त्याला निदान कळायला नको का?

ज्यांना कोणी विचारलंच नाही

हा मुद्दा किती खोल जातो ते शिकागोच्या एका घराने दाखवलं. तिथल्या एका भागातल्या घरमालकांनी आपापसांत करार केला होता की इथली घरं काळ्या माणसांना विकायची नाहीत, भाड्यानेही द्यायची नाहीत. 95 टक्के मालकांच्या सह्या झाल्या तरच करार लागू व्हायचा होता. पहिल्या एका दाव्यात, घरमालकांच्या समूहाच्या नावाने, तेवढ्या सह्या झाल्याचं दोन्ही बाजूंनी मान्य करून टाकलं. प्रत्यक्षात सह्या साधारण निम्म्याच्या थोड्या वर होत्या. पण निकाल लागला होता.

1937 मध्ये कार्ल हॅन्सबेरी या काळ्या व्यावसायिकाने तिथे घर घेतलं. शेजाऱ्यांनी दावा लावला आणि जुना निकाल पुढे केला. तो समूहाचा निकाल आहे, या घराचा आधीचा मालक त्या समूहात होता, म्हणून तो तुम्हालाही लागू. म्हणजे व्हर्मुडेनला दिलेलं तेच उत्तर.

1940 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ते मानलं नाही. करार टिकावा असं वाटणारे आणि करार मोडावा असं वाटणारे यांचा एक समूह होऊच शकत नाही. ज्याचं हित तुमच्या उलट आहे, तो तुमच्या वतीने बोलला असं म्हणता येणार नाही. तेव्हा हा निकाल हॅन्सबेरींवर बांधील नाही. या कुटुंबातली दहा वर्षांची मुलगी लोरेन पुढे मोठी नाटककार झाली आणि तिच्या ‘अ रेझिन इन द सन’ या नाटकात अशाच एका कुटुंबाची गोष्ट आली.

समूह दाव्याची ही खरी किंमत आहे. तुम्ही कोर्टात गेला नाहीत, वकीलपत्र दिलं नाहीत, तरी निकाल तुम्हाला बांधतो. म्हणून पुढे कोण उभा आहे आणि त्याचं हित तुमच्यासारखंच आहे का, हे तपासणं हे कोर्टाचं पहिलं काम ठरतं.

भोपाळ आणि सत्यम

आपल्या देशात ही किंमत सर्वांत जास्त कोणी मोजली असेल तर भोपाळने. 2-3 डिसेंबर 1984 च्या रात्री वायू गळला. 1985 मध्ये संसदेने कायदा करून सगळ्या पीडितांच्या वतीने दावा चालवण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला. हेतू वाईट नव्हता. लाखो गरीब माणसं परदेशी कंपनीशी एकेकटी कशी लढणार? सरकार न्यूयॉर्कच्या कोर्टात गेलं. 1986 मध्ये तिथल्या न्यायाधीशाने सांगितलं, हा खटला भारतात चालवा. सरकारची मागणी 3.3 अब्ज डॉलरवर गेली होती. 14 फेब्रुवारी 1989 रोजी सुप्रीम कोर्टात तडजोड झाली ती 47 कोटी डॉलरवर.

ज्यांच्या नावाने ही तडजोड झाली, त्यांना आधी विचारलं गेलं नाही. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने कायदा वैध ठरवला. पीडितांना आधी ऐकून घ्यायला हवं होतं हे मान्य केलं, पण तेवढ्यासाठी तडजोड मोडली नाही. वाढीव भरपाईसाठी सरकारने केलेली शेवटची याचिका मार्च 2023 मध्ये फेटाळली गेली. आठशे वर्षांपूर्वी नटहॅम्पस्टेडमध्ये न पडलेला प्रश्न भोपाळच्या बायाबापड्या आजही विचारतात. आमच्या वतीने सही करायला तुम्हाला सांगितलं कोणी?

दुसरं टोक सत्यमचं. 7 जानेवारी 2009 रोजी हिशेबातला घोटाळा कबूल झाला आणि शेअर कोसळला. नुकसान इथल्या छोट्या भागधारकांचंही झालं आणि न्यूयॉर्कच्या बाजारात गुंतवणूक करणाऱ्यांचंही. अमेरिकेत समूह दावा झाला. 2011 मध्ये कंपनीने साडेबारा कोटी डॉलर आणि लेखापरीक्षकांनी दोन कोटी 55 लाख डॉलर देऊन तो मिटवला. इथल्या छोट्या भागधारकांच्या संघटनेला ना राष्ट्रीय ग्राहक आयोगात दाद मिळाली, ना सुप्रीम कोर्टात. घोटाळा हैदराबादचा, पण समूह म्हणून भरपाई मिळाली ती अमेरिकेत दावा लावता आला त्यांना. या धड्यानंतर 2013 च्या कंपनी कायद्यात कलम 245 आलं आणि तेही लागू व्हायला 2016 साल उजाडलं.

आज आपल्या हातात काय आहे

दिवाणी कोर्टात ऑर्डर 1 रूल 8 आहेच. 1976 च्या दुरुस्तीने त्यात गैरहजर माणसासाठी चांगली कुंपणं घातली आहेत, ती फारशी कोणाला माहीत नसतात. समूहातला कोणीही अर्ज करून दाव्यात सामील होऊ शकतो. सगळ्यांना नोटीस दिल्याशिवाय दावा मागे घेता येत नाही, तडजोड करता येत नाही. पुढे उभा असलेला माणूस नीट लढत नसेल तर कोर्ट त्याच्या जागी दुसरा नेमू शकतं. आणि निकाल सगळ्यांना बांधील असतो.

ग्राहकांसाठी 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात कलम 35(1)(सी) आहे, तेही याच धर्तीवर. इथे एक घोळ नेहमी होतो. बंगळुरूच्या एका 1134 फ्लॅटच्या गृहप्रकल्पातल्या 51 फ्लॅटच्या 91 खरेदीदारांनी या कलमाखाली तक्रार केली होती. डिसेंबर 2021 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की बाकी सगळ्यांचं हित तुमच्यासारखंच आहे हे तुम्ही तक्रारीत मांडलेलंच नाही, तेव्हा ही सगळ्यांच्या वतीची तक्रार होत नाही. पण तुम्ही 91 जण आपल्यापुरती संयुक्त तक्रार जरूर करू शकता. म्हणजे बिल्डरविरुद्ध वीस घरं एकत्र आली तर अख्ख्या सोसायटीची वाट बघायची गरज नाही.

आणि जनहित याचिका? तिचा उपयोग मोठा आहे, पण तिने सरकारला आदेश मिळतात. तुमचे शंभर रुपये तिने सहसा परत येत नाहीत. ते वेगळं काम आहे.

मग एवढं असून आपल्याकडे समूह दावे इतके कमी का? एक कारण पैशाचं. अमेरिकेत वकील जिंकलेल्या रकमेतला हिस्सा घेतो, म्हणून तो आधी स्वतःच्या खिशातून लढतो. आपल्याकडे वकिलाला निकालावर फी ठरवायला मनाई आहे. त्या मनाईला कारणही आहे. अमेरिकेत काही दाव्यांत वकिलांना लाखो डॉलर आणि ग्राहकांना नुसती सवलतीची कुपनं असे प्रकार झाले, तेव्हा 2005 मध्ये कायदा करून त्यांना आवर घालायला लागला. पण आपल्याकडे त्या मनाईचा दुसरा परिणाम असा की पहिला खर्च कोणी करायचा हेच ठरत नाही. गावात ‘गाव करी ते राव न करी’ म्हणतात खरं, पण वर्गणीची पावतीपुस्तकं फिरवणारा एक तरी माणूस लागतोच.

असा माणूस तुमच्या सोसायटीत, पतसंस्थेत, पाणीवाटप संस्थेत पुढे आला तर त्याला पाठिंबा द्याच, पण तीन गोष्टी विचारून घ्या. तुझं नुकसान आमच्यासारखंच झालंय का, की तुझा हिशेब वेगळा आहे? परवानगीचा अर्ज आणि नोटीस झाली का? आणि समोरच्याने तडजोडीचा प्रस्ताव दिला तर सही करण्याआधी आम्हाला दाखवणार का? प्रामाणिक माणसाला या प्रश्नांचा राग येत नाही.

तुमच्यापैकी कोणी अशा एकत्रित दाव्यात किंवा तक्रारीत असेल, तर कुठवर आलंय ते कमेंटमध्ये लिहा. नावं नकोत, अनुभव लिहा. दुसऱ्या गावातल्या एखाद्या वीस घरांना तो उपयोगी पडेल.